माइक हारकोर्ट यांची राजकीय कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नगरसेवक, महापौर, आमदार, विरोधी पक्षनेते आणि मुख्यमंत्री या पाचही पायऱ्या चढलेल्या माइक हारकोर्ट यांच्या कारकिर्दीविषयीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ‘अल्डरमन’साठी नगरसेवक, प्रांतिक विधानसभेच्या सदस्यासाठी आमदार आणि ‘प्रीमियर’साठी मुख्यमंत्री हे आपल्या परिचयाचे शब्द वापरले असले, तरी त्या पदांचे अधिकार आपल्याकडच्यासारखेच असतील असे वाचकांनी गृहीत धरू नये.

माइक हारकोर्ट यांची थोडक्यात ओळख काय?

मायकेल फ्रँकलिन हारकोर्ट यांचा जन्म ६ जानेवारी १९४३ रोजी अल्बर्टा प्रांतातील एडमंटन येथे झाला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी १९६८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. १९७३ ते १९८० या काळात ते व्हँकुव्हरचे नगरसेवक, १९८० ते १९८६ महापौर, १९८६ ते १९९६ आमदार आणि ५ नोव्हेंबर १९९१ ते २२ फेब्रुवारी १९९६ या काळात प्रांताचे मुख्यमंत्री होते. न्यू डेमोक्रॅटिक पार्टी, म्हणजेच एनडीपी, हा कामगार संघटनांशी जवळीक असलेला समाजवादी वळणाचा पक्ष त्यांचा. या पक्षाकडून प्रांताचे मुख्यमंत्री झालेले ते दुसरे नेते होत. पहिले डेव्ह बॅरेट, ज्यांचे सरकार १९७२ ते १९७५ या काळात होते.

ते राजकारणात कसे आले?

एका रस्त्यामुळे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हँकुव्हरच्या नगर परिषदेने शहराच्या मध्यभागी पोहोचणारा द्रुतगती मार्ग बांधायचे ठरवले होते आणि त्याची आखणी चायनाटाउन व त्याला लागून असलेल्या स्ट्रॅथकोना या जुन्या वस्तीतून जात होती. नागरी पुनर्विकासाच्या नावाखाली स्ट्रॅथकोनातील घरे ताब्यात घेऊन पाडण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. तेथे राहणारी कुटुंबे बहुसंख्येने चिनी वंशाची होती. ब्रिटिश कोलंबियात चिनी आणि भारतीय वंशाच्या नागरिकांना मतदानाचा हक्क १९४७ मध्ये मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे या वस्तीचे म्हणणे नगर परिषदेत इतकी वर्षे कोणी का मनावर घेतले नव्हते, ते कळते.

मेरी चॅन आणि त्यांची मुलगी शर्ली चॅन या दोघींनी दारोदार फिरून शेजाऱ्यांना एकत्र आणले. आई चिनी भाषेत बोलत असे आणि इंग्रजीची गरज पडे तेथे मुलगी पुढे होत असे. १९६८ मध्ये घरमालक आणि भाडेकरू यांची मिळून एक संघटना उभी राहिली. नुकतेच वकील झालेले हारकोर्ट या रहिवाशांच्या बाजूने उभे राहिले. अखेर द्रुतगती मार्गाची योजना बारगळली आणि स्ट्रॅथकोनातील उरलेली पाडापाडी थांबली. त्या योजनेचा एकच तुकडा प्रत्यक्षात आला, तो म्हणजे जॉर्जिया आणि डन्समुइर हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेले जोडपूल. शहराच्या मध्यभागातून उंचावरून निघालेले हे रुंद पूल थोड्याच अंतरावर खाली उतरतात आणि साध्या रस्त्याला मिळतात, कारण ज्या महामार्गाला ते जोडले जायचे होते तो पुढे बांधलाच गेला नाही. त्यांच्या पायाशी हॉगन्स अ‍ॅली ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती, ती मात्र नाहीशी झाली. रस्त्याविरुद्धच्या त्या लढ्याचे यश सांगताना ही हानी सांगणे विसरू नये.

याच काळात हारकोर्ट यांनी गरिबांना विनामूल्य कायदेशीर मदत देणारी संस्था उभारण्यात पुढाकार घेतला आणि ते तिचे पहिले संचालक झाले. घरमालकाने बाहेर काढलेला भाडेकरू किंवा सरकारी भत्ता अडकलेली आई, अशी माणसे ज्या कार्यालयात येतात तेथे त्यांच्या राजकारणाची घडण झाली, हे पुढच्या सगळ्या काळाकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते. शर्ली चॅनही पुढे महापौर हारकोर्ट यांच्या कार्यालयात महत्त्वाच्या जबाबदारीवर होत्या.

ते नगर परिषदेवर कोणत्या पक्षाकडून निवडून आले?

व्हँकुव्हरमध्ये महापालिकेच्या निवडणुका राष्ट्रीय किंवा प्रांतिक पक्ष लढवत नाहीत. शहराचे स्वतःचे स्थानिक पक्ष असतात. डिसेंबर १९७२ च्या निवडणुकीत ‘टीम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या सुधारणावादी गटाने जुन्या, व्यापारी वर्गाच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या गटाची सत्ता उलथवली. आर्ट फिलिप्स महापौर झाले आणि हारकोर्ट नगरसेवक. द्रुतगती मार्गाला झालेला विरोध हेच या गटाच्या विजयाचे एक मोठे कारण होते. फॉल्स क्रीक या खाडीच्या दक्षिण काठावरील जुन्या औद्योगिक जमिनीवर कमी, मध्यम आणि चांगल्या उत्पन्नाची कुटुंबे शेजारीशेजारी राहतील अशी वसाहत उभी करणे, हे या काळातील सर्वांत लक्षणीय काम होय.

शहरात प्रभाग नाहीत. दहाही नगरसेवकांना संपूर्ण शहर मत देते, त्यामुळे उमेदवाराला श्रीमंत पश्चिम भागात आणि कामगारांच्या पूर्व भागात, दोन्हीकडे मते मिळवावी लागतात. पुढे ‘टीम’ विस्कळीत झाली आणि हारकोर्ट स्वतंत्रपणे लढू लागले.

महापौराला खरे अधिकार किती होते?

वाटतात त्यापेक्षा कमी. महापौर थेट जनतेतून निवडला जातो, पण परिषदेच्या अकरा मतांपैकी त्याचे मत एकच असते. शिवाय कॅनडाच्या राज्यघटनेनुसार नगरपालिका हा विषय प्रांतांच्या अखत्यारीत येतो. व्हँकुव्हरचा कारभारही प्रांतिक विधानसभेने केलेल्या ‘व्हँकुव्हर चार्टर’ या १९५३ च्या कायद्यावर चालतो. म्हणजे महापौराने काही वेगळे करायचे ठरवले, तर परिषदेत सहा मते जमवावी लागतात आणि बऱ्याच बाबतींत राजधानी व्हिक्टोरियातील सरकारचीही मर्जी सांभाळावी लागते. हारकोर्ट यांच्या महापौरपदाच्या संपूर्ण काळात प्रांतात बिल बेनेट आणि अखेरीस बिल व्हँडर झाल्म यांच्या सोशल क्रेडिट या उजव्या पक्षाचे सरकार होते.

महापौर म्हणून त्यांनी काय केले?

नोव्हेंबर १९८० मध्ये त्यांनी विद्यमान महापौर जॅक व्होलरिच यांचा पराभव केला आणि १९८२ व १९८४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्या काळात मुदत दोनच वर्षांची होती. परिषदेत त्यांना हॅरी रँकिन यांच्या ‘कोप’ या डाव्या गटाच्या साहाय्याने बहुमत जमवावे लागे. ‘कोप’चे ब्रूस एरिक्सन आणि लिबी डेव्हिस हे दोघे डाउनटाउन ईस्टसाइड या शहरातील सर्वांत गरीब भागात भाडेकरूंची संघटना बांधून वर आलेले होते. या मंडळींचा आग्रह, व्यापाऱ्यांची काळजी आणि मालमत्ता कर भरणाऱ्यांची कुरकुर यांतून वाट काढत काढत सहा वर्षे कारभार चालला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची मंदी ब्रिटिश कोलंबियाला फार जाचली, कारण लाकूड आणि खनिजे यांचे भाव कोसळले की या प्रांताची कमाईच आटते. त्याच वर्षांत व्हँकुव्हरच्या रस्त्यांवर अण्वस्त्रांविरुद्ध प्रचंड शांतता मोर्चे निघत आणि नगर परिषदेने शहर अण्वस्त्रमुक्त क्षेत्र म्हणून घोषित केले होते.

एक्स्पो ८६ विषयी त्यांची भूमिका काय होती?

२ मे ते १३ ऑक्टोबर १९८६ या काळात व्हँकुव्हरमध्ये वाहतूक आणि दळणवळण या विषयावरील जागतिक प्रदर्शन भरले आणि त्याला दोन कोटींहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या. शहराच्या स्थापनेची शताब्दीही त्याच वर्षी होती. प्रदर्शन ही प्रांतिक सरकारची योजना. हारकोर्ट सुरुवातीला तिच्या विरोधात होते, कारण खर्चाचा बोजा शहराच्या करदात्यांवर पडेल अशी त्यांना भीती होती. प्रदर्शन होणारच हे ठरल्यावर मात्र त्यांनी यजमान शहराच्या प्रमुखाची भूमिका मनापासून पार पाडली. प्रदर्शनाच्या तोंडावर सुरू झालेली स्कायट्रेन ही स्वयंचलित रेल्वे आजही शहराचा कणा आहे. दुसऱ्या बाजूला, पाहुण्यांकडून जास्त भाडे मिळेल या आशेने डाउनटाउन ईस्टसाइडमधील स्वस्त हॉटेलांच्या मालकांनी वर्षानुवर्षे महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्या शेकडो वृद्ध आणि आजारी माणसांना खोल्या सोडायला लावल्या. अशा भाडेकरूंना कायद्याचे पुरेसे संरक्षण नव्हते आणि ते देणे प्रांताच्या हाती होते.

त्यांच्या महापौरपदावर कोणती टीका होते?

वेस्ट एंड या दाट वस्तीच्या भागातील रस्त्यांवर देहविक्रय करणाऱ्यांना हटवावे अशी रहिवाशांची मागणी होती आणि शहराचे प्रशासन त्या बाजूने होते. १९८४ मध्ये न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि या व्यक्तींना तेथून जावे लागले. त्या अधिक अंधाऱ्या, निर्मनुष्य औद्योगिक भागांकडे ढकलल्या गेल्या आणि पुढच्या वर्षांत त्यांच्यापैकी अनेकींना जिवाला मुकावे लागले. २०१६ मध्ये वेस्ट एंडमध्ये त्यांचे स्मारक उभारले गेले. गरिबांचा वकील म्हणून सुरुवात केलेल्या माणसाच्या कारकिर्दीतील हा भाग मला सर्वांत क्लेशदायक वाटतो.

महापौर असतानाच ते आमदार कसे झाले?

ऑक्टोबर १९८६ च्या प्रांतिक निवडणुकीत ते व्हँकुव्हर सेंटर या दोन जागांच्या मतदारसंघातून एमरी बार्न्स यांच्यासह निवडून आले. महापौरपदाची मुदत डिसेंबरमध्ये संपत होती. बार्न्स पुढे १९९४ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष झाले. निवडणुकीत एनडीपीचा पराभव झाला, नेते बॉब स्केली यांनी पद सोडले आणि एप्रिल १९८७ मध्ये हारकोर्ट पक्षाचे नेते म्हणून बिनविरोध निवडले गेले. व्हँकुव्हरच्या महापौरपदी त्यांच्यामागून आलेले गॉर्डन कॅम्पबेल हेही पुढे, २००१ मध्ये, विरुद्ध बाजूने प्रांताचे मुख्यमंत्री झाले.

१९९१ मध्ये ते कसे जिंकले?

मुख्यमंत्री व्हँडर झाल्म यांना स्वतःच्या ‘फँटसी गार्डन्स’ या उद्यानाच्या विक्रीत हितसंबंधांचा संघर्ष झाल्याचे चौकशीत आढळल्यामुळे एप्रिल १९९१ मध्ये पायउतार व्हावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या रिटा जॉन्स्टन या कॅनडातील पहिल्या महिला मुख्यमंत्री होत. १७ ऑक्टोबर १९९१ रोजी मतदान झाले आणि ७५ पैकी ५१ जागा एनडीपीला मिळाल्या. अनेक दशके राज्य केलेल्या सोशल क्रेडिटच्या हाती अवघ्या ७ उरल्या, तर लिबरल पक्ष एकाएकी १७ जागांवर जाऊन प्रमुख विरोधी पक्ष बनला.

हे आकडे पाहून मोठी लाट आली होती असा समज होतो, पण एनडीपीची मते सुमारे ४१ टक्केच होती, म्हणजे पूर्वीच्या पराभवांत मिळत होती जवळपास तेवढीच. उजव्या बाजूची मते दोन पक्षांत विभागली गेली, हे विजयाचे खरे कारण. हारकोर्ट यांनी समंजस, सावध आणि कोणालाही न घाबरवणाऱ्या नेत्याची प्रतिमा जपली होती आणि ज्या मतदारांना व्हँडर झाल्म यांच्या काळातील रोजच्या वादळांचा वीट आला होता, त्यांना ती भावली.

त्यांच्या सरकारने कोणते कायदे केले?

माहितीच्या अधिकाराचा आणि खासगीपणाच्या संरक्षणाचा कायदा १९९२ मध्ये झाला. त्याच वर्षी मानवी हक्कांच्या कायद्यात लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करण्यास बंदी आली आणि संपाच्या काळात बदली कामगार आणण्यास मनाई करणारी नवी कामगार संहिता मंजूर झाली. स्त्रियांच्या समानतेसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले. निवडून दिलेल्या आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याचा अधिकार देणारा कायदाही याच कार्यकाळातला. त्याबाबतचे सार्वमत १९९१ च्या निवडणुकीबरोबरच झाले होते. कोलंबिया नदीवरील धरणांमुळे ज्यांची गावे आणि शेते बुडाली, त्या खोऱ्यातील लोकांना वीज उत्पन्नाचा काही वाटा मिळावा म्हणून १९९५ मध्ये एक न्यास स्थापन करण्यात आला आणि तो आजही काम करतो.

जंगलांचा वाद इतका का पेटला?

ब्रिटिश कोलंबियाचा बहुतांश भूभाग सरकारी मालकीचा असून लाकूड कंपन्यांना तोडीचे परवाने मिळतात. गावेच्या गावे करवतीच्या गिरण्यांवर जगतात. तेथील प्राचीन वर्षावनांत देवदार जातीची झाडे हजार वर्षांचीही आढळतात. हारकोर्ट यांनी जानेवारी १९९२ मध्ये स्टीफन ओवेन यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. गिरणी कामगार, पर्यावरणवादी, पर्यटन व्यावसायिक, कंपन्या आणि स्थानिक लोक यांना एका टेबलाभोवती बसवून कोणते जंगल राखायचे आणि कोणते तोडायचे हे ठरवणे, असे त्याचे काम होते. संरक्षित क्षेत्र प्रांताच्या ६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्टही सरकारने ठरवले.

व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेक्वॉट साउंडचा प्रदेश मात्र या आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवला गेला, आणि माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी चूक होती. १३ एप्रिल १९९३ रोजी मंत्रिमंडळाने स्वतःच निर्णय जाहीर केला : सुमारे एक तृतीयांश प्रदेश राखायचा आणि उरलेल्या बऱ्याच भागात तोडीला परवानगी द्यायची. त्याच सुमारास सरकारने तेथील प्रमुख लाकूड कंपनी मॅकमिलन ब्लोडेल हिचे समभाग विकत घेतल्याचे उघड झाल्याने संशयात भर पडली. पुढे चौकशीत गैर काही आढळले नाही, पण तोवर लोकांच्या मनात अढी बसली होती.

त्या उन्हाळ्यात सुमारे १२ हजार लोक तेथे येऊन गेले. केनेडी नदीवरील पुलाशी रोज पहाटे एकच दृश्य दिसे. अंधार असतानाच माणसे कच्च्या रस्त्यावर येऊन बसत. लाकूडतोड्यांना घेऊन येणाऱ्या गाड्यांचे दिवे दूरवर दिसू लागत. मग न्यायालयाचा मनाई हुकूम मोठ्याने वाचून दाखवला जाई, आणि जे उठत नसत त्यांना पोलीस हातापायांना धरून उचलून बसमध्ये नेऊन ठेवत. त्यांत आजीबाई होत्या, विद्यार्थी होते, धर्मोपदेशक होते. आठशेहून अधिक लोकांना अटक झाली. कॅनडाच्या इतिहासातील सविनय कायदेभंगाच्या सर्वांत मोठ्या आंदोलनांत त्याची गणना होते.

पुढच्याच मार्चमध्ये विरुद्ध बाजू रस्त्यावर उतरली. व्हँकुव्हर बेटासाठी आयोगाने सुचवलेल्या आराखड्यामुळे नोकऱ्या जातील म्हणून सुमारे २० हजार गिरणी कामगार आणि त्यांची कुटुंबे व्हिक्टोरियात विधानसभेसमोरच्या हिरवळीवर जमली. एनडीपी हा त्यांचाच पक्ष होता, आणि ते त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याविरुद्ध घोषणा देत होते.

मग या वादातून काही निष्पन्न झाले का?

बरेच काही. ऑक्टोबर १९९३ मध्ये सरकारने क्लेक्वॉटसाठी शास्त्रज्ञ आणि तेथील मूळ रहिवासी असलेल्या नूचाहनुल्थ समाजातील वडीलधारे यांची संयुक्त समिती नेमली आणि १९९५ मध्ये तिच्या सर्व शिफारशी स्वीकारल्या. सरसकट तोडीवर अंकुश ठेवणारी वन व्यवहार संहिता लागू झाली. प्रांताच्या वायव्य कोपऱ्यातील टॅटशेनशिनी नदीच्या परिसरात तांब्याची खाण होणार होती, तेथे १९९३ मध्ये साडेनऊ लाख हेक्टरांहून मोठे उद्यान जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. हैस्ला या मूळ रहिवासी समाजाच्या सहभागाने किटलोपचे खोरे राखले गेले. जानेवारी १९९५ मध्ये नेचाको नदीचे आणखी पाणी वळवणारा अ‍ॅल्युमिनियम कंपनीचा केमानो प्रकल्पाचा दुसरा टप्पा रद्द करण्यात आला. बारा टक्क्यांचे उद्दिष्ट पुढच्या सरकारच्या काळात गाठले गेले. हारकोर्ट दोन्ही बाजूंच्या शिव्या खात होते त्याच वर्षांत हे सर्व घडत होते.

मूळ रहिवाशांशी करार करण्याच्या कामात त्यांचा वाटा काय?

कॅनडाच्या बहुतेक भागांत ब्रिटिश राजसत्तेने मूळ रहिवासी समाजांशी जमिनीबाबत तह केले. ब्रिटिश कोलंबियात मात्र व्हँकुव्हर बेटावरील चौदा छोटे तह आणि ईशान्य कोपरा वगळता असे काही झालेच नाही. जमीन घेतली गेली, करार झाला नाही. आग्नेय अलास्काच्या सीमेलगतच्या नास नदीच्या खोऱ्यातील निस्गा लोक एकोणिसाव्या शतकापासून याविषयी दाद मागत होते. त्यांचे नेते फ्रँक काल्डर १९४९ मध्ये याच विधानसभेत आमदार झाले, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७३ च्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांच्या भूमिहक्काला कायद्यात स्थान असल्याचे मान्य केले. तरीही प्रांतिक सरकारे दशकानुदशके म्हणत राहिली की हा प्रश्न आमचा नाही, केंद्राचा आहे.

ही भूमिका १९९० मध्ये सैल होऊ लागली होती. हारकोर्ट यांनी ती पूर्णपणे सोडून दिली. २१ सप्टेंबर १९९२ रोजी केंद्र, प्रांत आणि मूळ रहिवासी समाजांची शिखर परिषद यांनी करार आयोग स्थापन करण्यावर सह्या केल्या. निस्गांशी तत्त्वतः झालेल्या करारावर फेब्रुवारी १९९६ मध्ये, म्हणजे हारकोर्ट यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या शेवटच्या दिवसांत, वाटाघाटी करणाऱ्यांनी आद्याक्षरे केली आणि अंतिम करार मे २००० मध्ये अमलात आला. माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम हे होय. या कामातून मते मिळण्याची शक्यता नव्हतीच, उलट अनेक मतदार दुरावले.

त्यांच्या मंत्रिमंडळात भारतीय वंशाचे कोण होते?

मो सिहोता. ते एस्क्वायमॉल्ट या गावाचे नगरसेवक होते, १९८६ मध्ये आमदार झाले आणि १९९१ मध्ये मंत्री. कॅनडाच्या कोणत्याही प्रांतिक विधानसभेवर निवडून गेलेले ते पहिले भारतीय वंशाचे सदस्य. १९९१ मध्येच निवडून आलेले उज्ज्वल दोसांझ यांना हारकोर्ट यांनी १९९५ मध्ये महान्यायवादी केले आणि फेब्रुवारी २००० मध्ये ते स्वतः मुख्यमंत्री झाले. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरील प्रवाशांना ज्या व्हँकुव्हर बंदरातून परत पाठवण्यात आले, त्याच प्रांतात हे घडले.

मुख्यमंत्री म्हणून ते कोठे कमी पडले?

माघार घेण्याची सवय त्यांना महागात पडली. १९९३ च्या अर्थसंकल्पात पाच लाख डॉलरपेक्षा अधिक किमतीच्या घरांवर अधिभार सुचवला गेला. व्हँकुव्हरमध्ये संतापाची लाट उसळताच तो मागे घेण्यात आला. १९९२ च्या शार्लटटाउन घटनादुरुस्ती करारावर त्यांनी सही केली होती, पण सार्वमतात प्रांतातील सुमारे ६८ टक्के मतदारांनी तो फेटाळला आणि मुख्यमंत्र्यांनी प्रांताचे हित नीट सांभाळले नाही असे चित्र तयार झाले. पुढे भत्त्यावर जगणाऱ्यांतील लबाडांविषयी ते जाहीरपणे कठोर शब्दांत बोलले आणि १९९५ च्या अखेरीस प्रांतात नव्याने आलेल्यांना तीन महिने भत्ता न देण्याचा नियम आणला. त्यांच्याच पक्षातील अनेकांना हे फार लागले.

सहा मते जमवून निर्णय घेण्याची महापौराची पद्धत त्यांनी व्हिक्टोरियातही चालू ठेवली. शहरात लोक तिला समंजसपणा म्हणत. व्हिक्टोरियातील वार्ताहरांनी आणि विरोधकांनी तिला दुबळेपणा ठरवले. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो, कारण जेथे सर्वांना बसवून निर्णय झाला तेथे तो टिकला आणि क्लेक्वॉटसारखा जेथे वरून लादला गेला तेथेच आग भडकली.

‘बिंगोगेट’ प्रकरण काय होते?

व्हँकुव्हर बेटावरील नानाइमो गावात एनडीपीशी संबंधित एक संस्था धर्मादाय कामासाठी म्हणून बिंगोचे खेळ भरवत असे. कॅनडात अशा खेळांना परवाना मिळतो तो उत्पन्न देणगीदाखल वापरले जावे या अटीवर. सभागृहात ओळीने मांडलेली टेबले, हातात आकड्यांची कार्डे घेऊन बसलेली साधी माणसे, आणि त्यांनी दिलेल्या डॉलरमधून एखाद्या संस्थेला मदत, असे त्याचे स्वरूप. हा पैसा अनेक वर्षे पक्षाच्या आणि खासगी कामासाठी वळवला गेल्याचे उघडकीस आले. संस्थेचे सूत्रधार डेव्ह स्टुपिच हे बॅरेट सरकारमधील माजी अर्थमंत्री. ऑक्टोबर १९९५ मध्ये न्यायिक लेखापरीक्षक रॉन पार्क्स यांचा अहवाल आला आणि पक्षाची अब्रू वेशीवर टांगली गेली. स्टुपिच यांनी १९९९ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला.

हारकोर्ट यांचा त्यात हात होता का, आणि नसेल तर त्यांनी राजीनामा का दिला?

त्यांचा हात नव्हता. गैरव्यवहाराचे मूळ त्यांच्या नेतृत्वाच्या बरेच आधीचे होते आणि त्यांनी स्वतः एक डॉलरही घेतला नव्हता. आक्षेप असा होता की नेते या नात्याने त्यांनी प्रकरणाच्या तळाशी लवकर जायला हवे होते, आणि हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. १५ नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांनी जबाबदारी स्वीकारून पद सोडत असल्याचे जाहीर केले. नवा नेता निवडला जाईपर्यंत ते पदावर राहिले आणि २२ फेब्रुवारी १९९६ रोजी ग्लेन क्लार्क मुख्यमंत्री झाले. मे १९९६ मध्ये क्लार्क यांनी लिबरल पक्षापेक्षा कमी मते मिळवूनही ७५ पैकी ३९ जागा जिंकून सत्ता राखली. हारकोर्ट राहिले असते तर हे शक्य झाले नसते, असे तेव्हाचा जनमताचा कल पाहता म्हणावे लागते. निर्दोष माणसाने पद सोडले म्हणून त्याच्या पक्षाला आणखी पाच वर्षे मिळाली.

ब्रिटिश कोलंबियात मुख्यमंत्र्याने मुदतीआधी जाणे ही नवी गोष्ट नव्हती. त्यांच्या आधी व्हँडर झाल्म गेले, त्यांच्यानंतर क्लार्क १९९९ मध्ये गेले आणि कॅम्पबेल २०११ मध्ये. या चौघांत दुसऱ्याच्या अपराधासाठी गेलेले हारकोर्ट एकटेच.

पद सोडल्यानंतर ते काय करत होते?

पुन्हा शहरांकडे वळले. शाश्वत विकासाच्या प्रश्नावर त्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात काम केले, आणि शहरे व स्थानिक समुदाय यांच्याविषयी पंतप्रधानांना सल्ला देणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषवले. समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. निर्णय जेथे अमलात यायचा तेथल्या लोकांच्या हाती अधिकार आणि पैसा असावा, असा त्याचा रोख होता. वर्षानुवर्षे व्हिक्टोरियाकडे हात पसरलेल्या महापौराचा अनुभव त्यामागे स्पष्ट दिसतो. २०१२ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ने गौरवण्यात आले. पुढे पक्षाच्या धोरणांशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी एनडीपीच्या सदस्यत्वाचे नूतनीकरण केले नाही.

त्यांना झालेल्या अपघाताविषयी काय सांगता येईल?

नोव्हेंबर २००२ मध्ये पेंडर बेटावरील आपल्या घराच्या लाकडी सज्जावरून ते सुमारे सहा मीटर खाली खडकांवर कोसळले. मानेजवळ मज्जारज्जूला गंभीर इजा झाली आणि ते पुन्हा चालू शकतील की नाही याचीच शंका होती. व्हँकुव्हरच्या पुनर्वसन केंद्रात कित्येक महिने उपचार घेऊन ते काठीच्या आधाराने चालू लागले आणि मज्जारज्जूच्या दुखापतींवरील संशोधनासाठी निधी उभारण्याच्या कामात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले. २००३ मध्ये ते करार आयोगाचे आयुक्त झाले. अकरा वर्षांपूर्वी मुख्यमंत्री म्हणून त्यांनी ज्याच्या स्थापनेला हातभार लावला होता, तोच हा आयोग. २००७ पर्यंत ते तेथे होते. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या दक्षिणेकडील त्सावासेन समाजाच्या सदस्यांनी आयोगाच्या प्रक्रियेतून तयार झालेल्या कराराच्या बाजूने कौल दिला आणि ३ एप्रिल २००९ रोजी तो लागू झाला.